विषय: अँटिबायोटिक चालू असताना लघवीतली साखर खरी मानायची का?

मंडळी, नमस्कार.
सासूबाईंना लघवीच्या इन्फेक्शनसाठी सेफॅलेक्सिन चालू आहे. त्या अजून परीक्षानळीत बेनेडिक्ट (साखर तपासायचं निळं द्रावण) तापवून लघवी तपासतात. काल निळा रंग पार तपकिरी झाला, आणि त्याच वेळी ग्लुकोमीटरवर साखर १३०. औषध बंद करू का?

---

ताई, औषध मुळीच बंद करू नका. मीटरवर विश्वास ठेवा.

बेनेडिक्ट फक्त साखरच ओळखतं असं नाही. त्यात मोरचूद असतो. तापवल्यावर त्याचं क्षपण करणारं (त्याला इलेक्ट्रॉन देणारं) काहीही सापडलं की रंग बदलतो. सेफॅलेक्सिन बहुतेक सगळं जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं, त्यामुळे नळीत तेच बोलतं. पेनिसिलीनचा मोठा डोस असला तरी हेच होऊ शकतं. साधारणपणे रक्तातली साखर १८०च्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही, तेव्हा १३०ला इतका रंग येणं संशयास्पदच.

लघवीच तपासायची असेल तर ग्लुकोज ऑक्सिडेजची स्ट्रिप घ्या. तिच्यातलं एन्झाइम फक्त ग्लुकोजवर चालतं, सेफॅलेक्सिनला दाद देत नाही. मात्र व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर ती उलटी फसते: साखर असून दाखवत नाही. डबीचं झाकण उघडं राहून दमट झालेल्या स्ट्रिपचंही काही खरं नाही. (बेनेडिक्टची नळी आता कपाटातच शोभते, हे माझं मत.)

---

काका, आमच्या ह्यांच्या स्ट्रिपवर तर कायमच भरपूर साखर दिसते, अँटिबायोटिक नसतानाही. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन घेतात.

---

ती साखर खरी आहे, टेस्टची चूक नाही. ते औषध साखर लघवीवाटेच बाहेर काढतं. त्यांच्यासाठी लघवीची टेस्ट निरुपयोगी, मीटर आणि एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) हेच बघा.

---

आणि सासूबाईंना पुढे सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे दुसरं अँटिबायोटिक दिलं तर?

---

मग गोष्ट वेगळी. सिप्रो, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही औषधं रक्तातली साखरच खरोखर वर-खाली करू शकतात. त्या ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील तर साखर धोकादायक उतरू शकते. शिवाय इन्फेक्शननेही ती चढते. म्हणून कोर्स संपेपर्यंत मीटरवर जास्त वेळा तपासा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच साखर बघा. ७०च्या खाली असेल तर शुद्धीवर असताना ग्लुकोज किंवा साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा.