व्हेरोनाजवळ एका दिवसासाठी गाव सुचवा: बेर्गामो की मांतोवा?

शिल्पा_प: जुलैअखेर आईबाबांना घेऊन व्हेनिस-व्हेरोना करतोय, मधे एक दिवस मोकळा आहे. बाबांना इतिहासाचं वेड, आईचे गुडघे दुखतात. दोघं शाकाहारी, अंडं चालतं. गर्दी नको.

भटका_वऱ्हाडी: बेर्गामो! व्हेनिसकरांनी सोळाव्या शतकात बांधलेला कोट अजून डोंगरावरच्या जुन्या गावाला वेढून उभा आहे. वर जायला फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी रेल्वे) आहे, गुडघ्यांचा प्रश्न नाही.

मिंचोकाठ: वर पोचल्यावरही चढउतार आहेतच की. शिवाय व्हेरोनाहून मांतोवा रेल्वेने पाऊण तासावर. फरसबंदी गोट्यांची आहे, बूट चांगले हवेत, पण गाव सपाट.

बाबांना राजवाड्याआधी पाणी दाखवा. गार्डा सरोवरातून निघालेली मिंचो नदी इथे दलदल करत पसरायची. बाराव्या शतकाच्या शेवटी आल्बेर्तो पितेन्तिनो या स्थापत्यकाराने तिला बांध घालून गावाभोवती चार तळी केली आणि गावाचं बेट झालं. (जंजिरा पाहिलेल्यांना फार समजवावं लागणार नाही.) दक्षिणेचं तळं अठराव्या शतकात आटवलं, उरलेली तीन आहेत. या पाण्याच्या आडोशाने गोंझागा घराण्याने 1328 पासून जवळजवळ चारशे वर्षं राज्य केलं. नेपोलियनचं सैन्य 1796-97 मध्ये इथे वेढा घालून महिनोन्महिने अडकलं, दलदलीच्या तापाने माणसं आजारी पडली ती वेगळीच. पुढे ऑस्ट्रियाने 1859 मध्ये बाकी लोम्बार्डी प्रांत सोडला, पण मांतोवाचा हा किल्ला 1866 पर्यंत धरून ठेवला.

भटका_वऱ्हाडी: पण गोंझागांची चित्रं तर इंग्लंडच्या राजाला विकली ना? मग बघायचं काय?

मिंचोकाठ: विकली, 1627-28 च्या सुमारास. त्यांचा दरबारी चित्रकार मांतेन्या याची ‘सीझरचे विजय’ ही मालिका आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. 1630 मध्ये पवित्र रोमन सम्राटाच्या सैन्याने गाव लुटलं ते निराळं. पण भिंती कोण उचलून नेणार? मांतेन्याने 1474 मध्ये पूर्ण केलेली ‘कामेरा देल्यी स्पोझी’ ही भित्तिचित्रांची खोली ड्युकल पॅलेसमध्ये (गोंझागांच्या राजवाड्यात) जागेवरच आहे. छतावर रंगवलेल्या गोल झरोक्यातून लोक खाली डोकावतात, ते बघून मान दुखते. आईंना एवढंच पुरे. ‘पालाझ्झो ते’ या दुसऱ्या राजवाड्यात जुलिओ रोमानोने भिंती कोसळताना रंगवलेलं राक्षसांचं दालन आहे, पण ते गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे टॅक्सीने जा.

शिल्पा_प: मांतोवा नक्की! जेवणाचं काय?

रेवा७: तोर्तेल्ली दी झुक्का हा भरलेला पास्ता मागा: लाल भोपळा आणि बदामी बिस्किटांचं सारण, गोडसर, वर लोणी. मात्र त्यावर घालतात त्या ग्राना पादानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) असतं. कट्टर असाल तर ‘सेन्झा फोर्माज्यो’ (चीजशिवाय) म्हणा, तरी सारणातही चीज असतंच, आधी विचारा. जुलैअखेर वरच्या तळ्यात आपल्याकडचीच कमळं फुललेली असतील. 1921 मध्ये लावली, आता इतकी माजलीत की दरवर्षी कापावी लागतात. होडीतून दिसतात. डासांचं मलम न्या, आणि सोमवार टाळा, ड्युकल पॅलेस बंद असतो.