ओरेगॉनचं कार्बन विधेयक नक्की कशामुळे पडलं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात आमच्या वाचनगटात मला ओरेगॉनच्या २०१९ च्या कार्बन विधेयकावर बोलायचंय आणि एका मुद्द्यावर पार अडकलेय, अमेरिकेतल्या राज्यांचं राजकारण माहीत असलेल्यांनी प्लीज मदत करा.

विधेयक एचबी (हाऊस बिल) २०२०. कार्बन उत्सर्जनाला मर्यादा घालायची आणि कंपन्यांनी त्याचे परवाने घ्यायचे. हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, ३६ विरुद्ध २४ ने पास झालं. सिनेटमध्ये ३० पैकी १८ डेमोक्रॅट, म्हणजे तिथेही व्हायला हवं होतं, पण तिथे कोरमलाच (कामकाजासाठी हजर लागणारे किमान सदस्य) दोन तृतीयांश म्हणजे २० जण लागतात! आपल्या विधानसभेत एक दशांशावर काम चालतं, विरोधकांनी सभात्याग केला तरी विधेयक मंजूर होतंच, त्यामुळे हे डोक्यात शिरायलाच मला दोन दिवस लागले. कोरम मोडायला ११ विरोधी रिपब्लिकन सिनेटर निघून गेले, काही तर थेट शेजारच्या आयडाहो राज्यात, कारण गव्हर्नर केट ब्राऊननी त्यांना आणायला स्टेट पोलिसांना सांगितलं होतं आणि ते पोलीस राज्याच्या हद्दीबाहेर काय करणार. इकडे राजधानी सेलममध्ये कॅपिटॉलसमोर (विधिमंडळाच्या इमारतीसमोर) ओंडके वाहणारे ट्रक हॉर्न वाजवत होते, इंधन महागेल म्हणून. ज्याचं पोट ट्रकवर आहे त्याची भीती मला खोटी वाटत नाही.

आता अडचण. सगळीकडे वाचायला मिळतं की विधेयक या पळापळीने मारलं. पण २५ जूनला सिनेटचे अध्यक्ष पीटर कोर्टनी, स्वतः डेमोक्रॅट, सभागृहातच म्हणाले की बहुमताला लागणारी १६ मतं नाहीत. मग हे खरंच होतं की पळालेल्यांना परत आणण्यासाठी म्हटलेलं? मतंच नसतील तर कोरमला दोष देऊन काय उपयोग?

२०२० मध्ये परत तेच झालं, मग ब्राऊननी मार्चमध्ये उत्सर्जन कमी करायचा सरळ आदेश काढला. त्यावरून आलेले नियम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये प्रक्रियेतल्या चुकीवरून रद्द केले, २०२४ मध्ये ते पुन्हा करावे लागले. इतकी वर्षं फुकट गेली याचं फार वाईट वाटतं. असे नियम पुढचा गव्हर्नर सहज काढून टाकू शकतो का?

आणि २०२१ मध्ये त्याच राज्यात २०४० पर्यंत वीज पूर्ण स्वच्छ करायचा कायदा पास झाला, तेव्हा कोणी का नाही पळालं? ट्रकवाल्यांच्या इंधनाला हात लावला नव्हता म्हणून, असा माझा अंदाज. बरोबर आहे का?

शिवाय परराज्यात जाऊन बसण्याला 'सभात्याग' म्हणणं मला पटत नाहीये, दुसरा शब्द सुचवा.