ऑफिसचा जुना पीसी आणि व्हॉट्सॲप वेब

सेक्रेटरी, ए-१०२: सोसायटीच्या ऑफिसातल्या पीसीवर व्हॉट्सॲप वेब उघडलं की माउससुद्धा हलत नाही. प्रोसेसर कोर टू ड्युओ ई७५००, मदरबोर्ड जी३१, रॅम २ जीबी, विंडोज ७ बत्तीस बिट. क्रोम १०९ च्या पुढे अपडेट होत नाही. पावत्या ग्रुपवर टाकायच्या असतात. एखादा हलका ब्राउझर सुचवा. नव्या पीसीचा खर्च एजीएमशिवाय (वार्षिक सभेशिवाय) होणार नाही.

बी-४०३: काका, विंडोज ७ साठी क्रोम तिथेच थांबलं, २०२३ च्या सुरुवातीला. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ पॅच मिळणारी आवृत्ती) टाका. तिला सुरक्षेचे पॅच त्यानंतरही बराच काळ मिळाले. व्हॉट्सॲपचं वेगळं ॲप शोधू नका, विंडोज ७ वर चालणार नाही.

डी-६०२: डिलो नावाचा ब्राउझर आहे, अगदी चिमुकला.

सी-२०१: डिलोला जावास्क्रिप्ट येत नाही, त्यात व्हॉट्सॲप वेब उघडणारच नाही. रॅम खातं ते पान. कुठल्याही ब्राउझरात उघडलं तरी काही शे एमबी जाणारच. फायरफॉक्सच्या मेनूत ‘मोअर टूल्स’, त्यात ‘टास्क मॅनेजर’ उघडा. कुठला टॅब किती खातोय ते एमबीत दिसतं. नको तो तिथल्या तिथे बंद करा. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन एवढं एकच एक्स्टेन्शन ठेवा. यूट्यूब अडखळत असेल तर सोबत एच२६४ इफाय हे एक्स्टेन्शन, ते यूट्यूबला व्हिडिओ एच२६४ या फॉरमॅटमध्ये पाठवायला लावतं. एरवी यूट्यूब व्हीपी९ या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं, तो उलगडताना हा प्रोसेसर धापा टाकतो. एच२६४ मध्ये ७२०पी निभावतं.

सेक्रेटरी, ए-१०२: रॅम वाढवून फरक पडेल का?

सी-२०१: सगळ्यात जास्त त्यानेच. जी३१ ला डीडीआर२ लागते, जास्तीत जास्त ४ जीबी, म्हणजे २ अधिक २. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जुनी मिळते. ४ जीबीची एकच पट्टी स्वस्तात दाखवतील, ती घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच फक्त एएमडी बोर्डावर चालतात, आपल्याकडे नुसता बीप वाजेल आणि स्क्रीन काळी. २ जीबीची घ्या, दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा मोजून. बत्तीस बिट विंडोजला ४ पैकी सव्वातीनच्या आसपासच दिसेल, घाबरू नका.

बी-४०३: आणि प्रोसेसर चौसष्ट बिटचा आहे बरं का, विंडोज तेवढी बत्तीसची टाकलेली. विंडोजऐवजी एमएक्स लिनक्सची हलकी फ्लक्सबॉक्स आवृत्ती चौसष्ट बिटमध्ये टाकता येईल, मग ब्राउझर अद्ययावत राहील.

सेक्रेटरी, ए-१०२: अकाउंट्सचं सॉफ्टवेअर विंडोजवर आहे, ते हलवायचं नाही.

बी-४०३: हलवू नका. लिनक्ससाठी वेगळी १२० जीबीची साटा एसएसडी घ्या. इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) चुकून तिच्यावर बसणार नाही. नंतर दोन्ही जोडा आणि चालू करताना बूट मेनूतून निवडा. गिगाबाइट बोर्डावर एफ१२, असुसवर एफ८. आधी रुफस या सॉफ्टवेअरने लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा, प्रिंटर ओळखतोय का ते तिथेच कळेल. अकाउंट्सपुरतं विंडोज, नेटची वायर काढून. सोसायटीचं नेटबँकिंग विंडोज ७ वरून तर मुळीच नको, त्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले.

ए-५०४: लिनक्समध्ये मराठी टाइप होतं का?

बी-४०३: हो ताई. फॉन्ट्स-देवा पॅकेज टाका, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन दिसू शकतात. आयबस-एम१७एन टाकलं की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात.

सेक्रेटरी, ए-१०२: एक राहिलं. रोज सकाळी कुठलीही साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते.

सी-२०१: घड्याळ बघा, तारीख मागे गेली असेल. साइटचं सर्टिफिकेट त्या तारखेला लागूच नसतं, म्हणून ब्राउझर अडवतो. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. वायर काढा, सेल बदला, अधिकची बाजू वर. मग बायोसमध्ये तारीख लावा. आणि व्हॉट्सॲप जोडलेला फोन १४ दिवस बंद राहिला तर पीसीवरून लॉगआउट होतं, क्यूआर पुन्हा स्कॅन करावा लागतो.

सेक्रेटरी, ए-१०२: झाकण उघडलं. २ जीबीची एकच पट्टी आहे, दुसरा स्लॉट रिकामा.

सी-२०१: मग एकच आणा. जुनीवर वेगाचा आकडा ८०० लिहिलाय का बघा, असेल तर नवीही ८०० चीच घ्या.