डार्क मॅटरच्या 'हेलो'ला मराठीत काय म्हणायचं?

पायरीआंबा: विश्वाच्या कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये डार्क मॅटरचे (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाने जाणवणाऱ्या द्रव्याचे) हेलो, म्हणजे त्याचे गुरुत्वाने जमलेले गोळे, कसे शोधतात त्यावर लेख लिहितोय. कोशात तेजोवलय, प्रभामंडळ असलं काय काय सापडतंय, पण जे मुळात चमकतच नाही त्याला तेज कुठलं आणि प्रभा कुठली? 'कृष्णद्रव्याचं तेजोवलय' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं.

कोरडवाहू: खळं म्हणा की. चंद्राला पडतं ते.

तिसरा_प्रहर: पण ते कडं झालं ना. हेलो म्हणजे गोळा, मधे सगळ्यात दाट, बाहेर विरळ विरळ होत जाणारा, आणि त्याला ठाम काठ नाहीच. म्हणून तर कुठे संपला ते आपणच ठरवायचं. काहीजण आतली सरासरी घनता विश्वाच्या क्रांतिक घनतेच्या (विश्व भूमितीच्या दृष्टीने सपाट असायला लागते तेवढी घनता) 200 पट भरेल तिथपर्यंत गोल काढतात. दुसरी पद्धत 'फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स', 1985 पासून जोरात आहे, त्यात कणांमधल्या सरासरी अंतराच्या साधारण 0.2 पटीपेक्षा जवळ असलेले दोन कण दोस्त, दोस्ताचा दोस्त तोही आपलाच, असं करत जेवढा गोतावळा जमेल तो एक हेलो. गोची अशी की दोन वेगळ्या हेलोंच्या मधे चार कणांचा पूल पडला तरी दोन्ही एकच धरले जातात. एका सामाईक मामापायी दोन लग्नांची वऱ्हाडं एकाच पंगतीला!

कोरडवाहू: अहो चंद्राचं राहू द्या, शेतातलं खळं बघा. मळणी झाली की मधे रास, कडेकडेने दाणे विखुरलेले. आणि हेलो शब्द ज्यावरून आला तो ग्रीक 'हालोस', त्याचाही मूळ अर्थ मळणीचं खळंच, नंतर तो सूर्यचंद्राभोवतीच्या कड्याला लागला. बैल तिकडेही गोलच फिरत असणार.

तिसरा_प्रहर: आईशप्पथ, हे माहीत नव्हतं. मग अनबाइंडिंगचं काय? सबफाइंडसारखे प्रोग्राम मोठ्या हेलोच्या आतले दाट गठ्ठे, म्हणजे सबहेलो, हुडकतात, मग त्यातले जे कण गुरुत्वाने बांधलेले नाहीत, नुसते वेगात तिथून चाललेत, ते काढून टाकतात.

कोरडवाहू: उफणणी. भूस उडतं, दाणा राहतो.

पायरीआंबा: घेतला! हेलोला खळं पण पक्कं. 'उपखळं' मात्र तोंडात बसत नाही, तिथे सबहेलोच ठेवतो.