'उसनी वस्त्रे' की 'दुसऱ्याचा झगा'? आणि इमेज पॅटर्नला मराठीत काय म्हणायचं?

अनुस्वार:
शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातल्या कपड्यांच्या प्रतिमांवरचा एक लेख मराठीत आणतोय. दोन ठिकाणी अडलंय. 'इमेज पॅटर्न'ला, म्हणजे नाटकभर पुन्हा पुन्हा येणाऱ्या एकाच प्रकारच्या प्रतिमांना, मी 'प्रतिमाबंध' लिहिलं होतं, संपादकांनी त्याचं 'रूपकमाला' केलं. दुसरं, पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश: कॉडरची सरदारकी मिळाल्याचं कळताच मॅकबेथ विचारतो की कॉडरचा सरदार तर जिवंत आहे, मग मला हे 'बॉरोड रोब्ज' का चढवता? इथे 'उसनी वस्त्रे' चालेल ना?

वेलांटी:
रूपकमाला अजिबात नको, 'मालारूपक' हा अलंकार वाटेल. मालारूपकात उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते) एक आणि त्याच्यावर एकाच जागी अनेक उपमानांचा (ज्यांच्याशी साम्य दाखवायचं त्यांचा) आरोप. इथे नेमकं उलटं आहे. कपडा हे उपमान एकच, आणि ते पाच अंकांत विखुरलेलं. शिवाय आपल्या शास्त्रात नाटकालाच रूपक म्हणतात, धनंजयाच्या 'दशरूपका'त त्याचे १० प्रकार आहेत. म्हणजे 'रूपकातली रूपकमाला' असं काहीतरी व्हायचं.

जोडाक्षर:
'प्रतिमाबंध' तरी कुठे धड आहे? 'प्रतिमा' म्हटलं की हल्ली पुढाऱ्याची मलीन झालेलीच आठवते. आणि 'उसनी' साफ चूक. उसनं घेतलेलं वापरून संपवायचं आणि तेवढंच दुसरं परत द्यायचं, पैसे किंवा धान्य. कपडा तोच परत करावा लागतो, म्हणून तो 'मागून आणलेला'. त्यातही मॅकबेथने मागितलेला नाही, त्याला चढवलाय. 'दुसऱ्याचा झगा मला का चढवता?' एवढं पुरे.

वेलांटी:
मग 'उसनं अवसान' कुणी कधी परत केलंय? शब्द हिशेबाच्या वहीतून केव्हाच बाहेर पडलाय.

काना:
एकेका वाक्यावर भांडून हे सुटणार नाही. आधी तक्ता करा: अंक-प्रवेश, बोलणारा, कशाबद्दल बोलतोय, आणि कपड्याचं नेमकं काय होतंय. हा शेवटचा रकाना सगळे गाळतात आणि मग हाती नुसती 'कपडे, कपडे' अशी यादी उरते.

१.३ (अंक १, प्रवेश ३) मध्येच मॅकबेथचा सोबती सरदार बँको म्हणतो, नवे मान नव्या कपड्यांसारखे, वापरल्याशिवाय अंगाचा आकार धरत नाहीत. (इथे 'अंगवळणी पडणे' आयतं हाताशी आहे, पण त्यातलं अंग आता कुणाला दिसत नाही, म्हणून 'अंगावर बसणे' बरं.) १.७ मध्ये मॅकबेथला लोकांची सोनेरी मतं नवी कोरी आहेत तोवर मिरवायचीत, टाकून द्यायची नाहीत. लगेच बाईसाहेब, म्हणजे लेडी मॅकबेथ: जी आशा अंगावर चढवली होतीत ती काय प्यायलेली होती? २.४ ला सरदार मॅकडफला धास्ती, जुने झगे नव्यांपेक्षा सुखाचे निघायला नकोत. मग ५.२, इथे दुसरे सरदार मॅकबेथबद्दल बोलतात: त्याचं बेफाम झालेलं प्रकरण सत्तेच्या पट्ट्यात मावत नाही, आणि त्याची पदवी कशी लोंबते, तर राक्षसाचा झगा बुटक्या चोराच्या अंगावर लोंबावा तशी.

१.३, २.४ आणि ५.२ या तिन्ही ठिकाणी मुळात 'रोब' हाच शब्द आहे. पहिल्यांदा 'वस्त्रे', मग 'पोशाख', शेवटी 'झगा' केलंत की माग तुटला. तिन्हीकडे 'झगा' ठेवा. 'उसना'ही ठेवा, कारण शेवटी त्याच अंगावर 'चोर' येतो. उसनं घेऊन परत न करणारा तो चोर.

आणखी एक. २.२ आणि ५.१ मधला रात्रीचा झगा तक्त्यात घालू नका. ती खरीखुरी घालायची वस्तू आहे, प्रतिमा नव्हे.

जोडाक्षर:
'ढगळ'वर फार भर देऊ नये मात्र. १९३५ मध्ये समीक्षक कॅरोलाइन स्पर्जन यांनी मापात न बसणाऱ्या कपड्यातला छोटा माणूस पाहिला. १९४७ मध्ये दुसरे समीक्षक क्लीन्थ ब्रुक्स यांनी हरकत घेतली: माप हा मुद्दाच नाही, कपडा त्याचा नाही हा आहे. मला ब्रुक्स पटतात. म्हणूनच 'दुसऱ्याचा'.

अनुस्वार:
२.२ मधली 'चिंतेची उसवलेली बाही विणून देणारी झोप' मी तक्त्यात घेतली आहे.

वेलांटी:
काढा! ती बाही नव्हेच. उच्चार बाहीच्या 'स्लीव्ह'सारखाच, पण हा शब्द वेगळा, त्याचा अर्थ सुटं रेशीम. झोप चिंतेचा रेशमी गुंता सोडवते.

काना:
१६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील आवृत्तीत) छापलंय ते बाहीचंच स्पेलिंग. अर्थात तेव्हा स्पेलिंगला धरबंध नव्हता, त्यामुळे त्यावरून निकाल लागत नाही. मूळ क्रियापद 'रॅव्हल'ही दुतोंडी, गुंतणंही आणि उलगडणंही. पण बाहीच ठेवणार असाल तर 'उसवलेली' नको. उसवते ती शिवण, विणलेलं उलगडतं.

जोडाक्षर:
यापेक्षा अवघड २.३ आहे. राजाच्या खुनाचं वर्णन करताना मॅकबेथ म्हणतो, खंजिरांनी रक्ताच्या विजारी चढवल्यात!

वेलांटी:
तिथे 'रक्ताची म्यानं' लिहा, वाचक अडखळणार नाही.

जोडाक्षर:
अडखळायलाच हवं. खून करून आलेला माणूस शोकाचं सोंग आणतोय, बोलणं विचित्र होणारच. म्यान केलंत की वाक्य शहाणं होतं आणि कपडाही जातो. 'विजार'च.

काना:
'विजार' मूळची 'इजार', बाहेरून आलेली. 'चोळणा' का नको?

जोडाक्षर:
खंजिराला चोळणा?

अनुस्वार:
बरं, पण 'रूपकमाला' खोडू ना?

वेलांटी:
चोळणा गुडघ्याशी संपतो. रक्त पात्यावर कुठवर आलंय, ते आधी बघा.