अकरावीला पाचवा विषय म्हणून हिंदुस्थानी गायन घ्यावे का?

नागपूरकर पालक (प्रश्न):
माझी मुलगी सीबीएसईच्या शाळेत अकरावीला गेली असून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी यांच्या जोडीला संगणकशास्त्र घ्यावे की हिंदुस्थानी गायन, असा पेच आहे. गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा प्रथम ही गायनाची परीक्षा ती उत्तीर्ण आहे. परंतु शाळेच्या अभ्यासक्रमापायी राग नुसते उरकले जातात, असे तिच्या गुरुजींचे म्हणणे आहे. शिवाय पुढे अभियांत्रिकीला अडचण येईल का?

संगीत शिक्षिका:
मी हाच विषय शिकवते. बारावीला 70 गुण प्रात्यक्षिकाचे आणि 30 लेखीचे असतात, त्यामुळे तयार गळ्याच्या मुलीने गाण्याची धास्ती घेऊ नये. गाणारी मुले अडखळतात ती तालापाशी. धमार या तालाच्या 14 मात्रा (ठोके) पाच-दोन-तीन-चार अशा विभागांनी हातावर टाळी-खाली (टाळी किंवा रिकामा हात) दाखवत म्हणायच्या आणि हाताची लय तीच ठेवून दुगुन, म्हणजे बोलांची (तालाच्या अक्षरांची) दुप्पट गती, धरायची. सातव्या मात्रेत एक आवर्तन (तालाची पूर्ण फेरी) संपून आठवीच्या खालीवर पुन्हा ‘क’ हा पहिला बोल यावा लागतो, आणि नेमका तिथेच हात बोलांच्या मागे धावू लागतो. लेखीसाठी बंदिशीची (रागातल्या गीतरचनेची) स्वरलिपी न पाहता लिहिण्याचा सराव लागतो, जो केवळ ऐकून शिकलेल्यांना बहुधा नसतो.

ठाण्याची आई:
एनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांसाठी बारावीला 75 टक्क्यांची जी अट असते, तिच्यात भाषा, भौतिकशास्त्र, गणित आणि रसायनशास्त्रासारखा एक विषय यांच्यासह पाचवा कोणताही विषय धरला जातो, म्हणजे गायन चालते. खरी ओढाताण होते ती जानेवारीत, कारण जेईई या प्रवेशपरीक्षेचे पहिले सत्र आणि बोर्डाची प्रात्यक्षिके एकाच सुमारास येतात.

नागपूरकर पालक:
आभारी आहे. गुरुजींच्या आक्षेपाचे काय करावे?

संगीत शिक्षिका:
त्यांचा आक्षेप अगदीच गैर नाही. बारावीला भैरव, बागेश्री आणि मालकंस नेमलेले आहेत. मात्र विलंबित (संथ लयीतला) ख्याल त्यांपैकी एकाच रागात लागतो, बाकीच्यांत द्रुत (जलद लयीतला) पुरतो. तो एक राग गुरुजींनाच निवडू द्यावा आणि वर्षभर त्यांच्याकडेच गाऊ द्यावा. द्रुत बंदिशी व लेखी भाग शाळेत होऊ शकतो. शाळेत नियमित तबलासाथ मिळत नसेल, तर मात्र मी संगणकशास्त्रच सुचवीन.