मदत हवी आहे: एकच गर्भ सोडावा की दोन?

नमस्कार ताईंनो. मी कोल्हापूरची, वय ३३. पहिलंच आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार). पाचव्या दिवसाचे तीन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे लॅबमध्ये पाच दिवस वाढवलेले गर्भ, गोठवून ठेवलेत, पुढच्या पाळीनंतर ट्रान्सफर, म्हणजे गर्भ पिशवीत सोडणं. डॉक्टर म्हणतात, वय कमी आहे, गर्भ चांगले आहेत, एकच सोडू. जुळं राहिलं तर दिवस भरायच्या आधी बाळंतपण, कमी वजनाची बाळं, आईचं बीपी, सगळ्याचाच धोका वाढतो. माझं बीपी आत्ताच वर-खाली असतं.

सासूबाईंचं मात्र, "दोन सोडा की, एकदाच सुटका!" अंबाबाईला नवस बोलूनसुद्धा झालाय. नवरा गप्प. काल रंकाळ्यावर भेळ खाताना एवढंच म्हणाला, परत पैसे घालायला लागले तर? खरं सांगू, धास्ती मलाही तीच आहे. पण उरलेले दोन गोठवलेलेच राहणार, परत इंजेक्शनं घेऊन अंडी काढायची नाहीत, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही.

ज्यांनी एकेक करून सोडले, त्यांना दुसऱ्या ट्रान्सफरला किती खर्च आला? आणि जुळ्यांच्या आयांनो, एनआयसीयूचे (नवजात बाळांच्या आयसीयूचे) दिवस कसे गेले ते खरं सांगा, नुसता धीर नको. शुक्रवारी फॉर्मवर सही करायची आहे.